काखेतली सीट

आमच्या चाळीतले परबकाका लग्नाला येतात तेव्हा त्यांच्या एका हातात आहेराचं पाकीट असतं आणि दुसऱ्या काखेत सायकलची सीट. काळी, चामड्याची, मागे दोन जाड स्प्रिंगा, खालच्या नळीसकट उपसून काढलेली. सायकल हॉलच्या बाहेर साखळीला बांधलेली असते आणि सीट काकांबरोबर स्टेजवर चढते. फोटोग्राफर म्हणतो, "काका, ते जरा बाजूला ठेवा." काका विचारतात, "कोणाकडे?" या प्रश्नाचं उत्तर आजवर एकाही फोटोग्राफरला देता आलेलं नाही. त्यामुळे घोडपदेवातल्या बऱ्याच घरांच्या अल्बमांत नवरा, नवरी, काका आणि सीट असा चौघांचा फोटो आहे.

बँकेत सीट, दवाखान्यात सीट. मुलीला साडी घ्यायला ते एकदा हिंदमाताला गेले, तर दुकानाच्या दारातच गुजराती शेठ म्हणाला, "काका, ये माल अपने इधर नहीं लेते." काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने स्वतः उठून पंखा लावला.

काका बहात्तर वर्षांचे. उंची बेताची, मान थोडी पुढे, आणि नजर अशी की समोरचा माणूस आपोआप खिसे चाचपतो. शिवडीच्या एका गोदामात त्यांनी उभा जन्म चेकर म्हणून काढला. आलेल्या गोण्या बघायच्या, गेलेल्या गोण्या बघायच्या, संध्याकाळी दार बंद करायचं. गोदाम बंद पडलं, पण काकांचं चेकिंग काही बंद पडलं नाही. त्यांच्या तोंडात कायम एकच वाक्य असतं, "नीट बघितलंस? परत बघ."

दुधाची पिशवी आणली की, "तारीख नीट बघितलीस? परत बघ." गॅलरीतून कोणी म्हणालं, आज शुक्रवार, तर, "परत बघ." एकदा माझ्या बायकोला मुलगा झाल्याचं सांगायला मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. काकांनी पेढा हुंगला, उलटा करून पाहिला आणि मला तेच विचारलं.

त्यांच्या मुलीने, वैशालीने, रजिस्टर लग्न केलं. साक्षीदाराच्या सहीची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "मी साक्षीबिक्षी देत नाय." सख्ख्या मुलीचं लग्न! शेवटी सही मी केली. गच्चीची किल्ली ते ठेवून घेत नाहीत. गणपतीच्या सामानाच्या पेटीची किल्ली एकदा मंडळाने आग्रहाने त्यांच्या हातात दिली, तर ती त्यांनी दहा मिनिटांत जिन्यातल्या खिळ्याला अडकवून ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. ज्याचा कोणावर विश्वास नाही तो किल्ली का नाकारतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आणि न कळलेल्या गोष्टीचा मला संशय येतो.

त्याला माझी नोकरीही कारण आहे. मी एका कुरिअर कंपनीच्या तक्रार विभागात आहे. पार्सल मिळालंच नाही म्हणणारा माणूस खरं बोलतोय की पार्सल आतल्या खोलीत ठेवून बोलतोय, हे फोनवरच्या आवाजावरून ओळखायचं काम मी वीस वर्षं करतोय. शिवाय परबकाकांच्या बाबतीत माझा एक जुना हिशेब होता. तो तांदळाच्या गोणीचा.

नऊ वर्षांपूर्वी काकू गेल्या. काका स्वतः स्वयंपाक करायला लागले. कुडाळजवळच्या त्यांच्या गावाहून उकड्या तांदळाची गोणी यायची, ती त्या वर्षीही आली आणि तीन मजले चढवून मी ती त्यांच्या दारात आणून टाकली. दोन दिवसांनी सकाळी गॅलरीत आरडाओरडा. काकांनी अख्खा मजला दाराबाहेर उभा केला होता. गोणीच्या तोंडाला बांधलेल्या सुतळीकडे बोट दाखवत ते म्हणत होते, "ही गाठ माझी नाय. कोणीतरी रात्री शिरलं घरात. गोणी खोलली आणि परत बांधली. माझी गाठ मी ओळखतो."

"काका, दार आतून बंद होतं ना?" माझी आई म्हणाली.

"गोणी वर कोणी आणली?" काकांनी माझ्याकडे वळून विचारलं. "तू आणलीस."

चाळीस घरांसमोर मी तांदूळचोर! मी काहीतरी लागेल असं बोलणार होतो, तेवढ्यात काका मध्येच थांबले. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. अंगठ्याला पट्टी होती, आदल्या दिवशी नारळ फोडताना कोयता लागला होता. अंगठा बघितला, मग सुतळी बघितली, मग परत अंगठा. चेहरा असा उतरला की आई म्हणाली, "पाणी द्या त्यांना." काकांनी पाणी घेतलं नाही. आत गेले आणि दार लावून घेतलं. माफी नाही, खुलासा नाही. दोन दिवस ते दार उघडलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी काका खालून सायकल ढकलत आले.

सायकल म्हणजे नुसता गंजलेला सांगाडा. सीट नव्हतीच. सीट काकांनी घरातल्या माळ्यावरून काढली, तेल लावून पुसली आणि तिच्यावर बसवली. आम्हाला वाटलं, काकू गेल्या, माणसाला विरंगुळा हवा. पण मग पौष आला आणि काका एका पहाटे मफलर बांधून, कॅरिअरला पिशवी लावून निघाले. एकटेच. चार दिवसांनी परत आले, सायकल तशीच, पिशवी तशीच, तोंडावर कुलूप. पुढच्या पौषात तेच. त्याच्या पुढच्याही.

आता घोडपदेवात चार दिवसांचं गुपित टिकत नाही. भाऊच्या धक्क्यावर कामाला असलेल्या एकाने त्यांना मांडव्याच्या बोटीत चढताना पाहिलं. आमच्या ऑफिसातल्या एकाने त्यांना नागोठण्यात पाहिलं. रोह्याच्या रस्त्याला, म्हणाला. झालं. काकांचं गाव कुडाळकडे, पाहुणे सगळे सावंतवाडीत, आणि सायकल जाते रोह्याला. मग रोह्यात कोण? तळमजल्यावरचे लोक म्हणाले, जमीन घेऊन ठेवलीय. दुसरा मजला म्हणाला, दुसरं घर. आमचा तिसरा मजला शेजारधर्म पाळणारा असल्यामुळे आम्ही काही म्हटलं नाही, फक्त दुसऱ्या मजल्याचं लक्ष देऊन ऐकलं.

गेल्या वर्षी काका त्या प्रवासात पडले. गुडघा सुजवूनच परत आले. वैशाली डोंबिवलीहून धावत आली आणि बापाला म्हणाली, "पप्पा, कुठे जाता ते सांगा. नाहीतर पुढच्या वर्षी ही सायकल भंगारात आणि तुम्ही माझ्याकडे." काका म्हणाले, "सायकल भंगारात घालायची नाय." कुठे जातात ते सांगितलं नाहीच.

यंदा पौष जवळ आला तसा तिचा मला फोन आला. "संजूदादा, मला खरं सांग, कोणी बाई आहे का तिथे? असली तरी मी ओरडणार नाही. पण त्या गुडघ्याने ते कुठे रस्त्यात पडले तर मला कळणार कसं? तू जा ना त्यांच्या मागे. यावेळी काही कळलं नाही तर मी खरंच सायकल विकणार."

मी चार दिवसांची रजा टाकली. वैशालीची काळजी हे त्याचं एक कारण. दुसरं कारण, खोटं कशाला बोलू, तांदळाची गोणी.

काका सकाळच्या पहिल्या बोटीने गेले, मी स्कूटर घेऊन दुसऱ्या बोटीने. मांडव्याला उतरलो तेव्हा चांगलीच थंडी होती. मुंबईकराला थंडी म्हणजे ऑफिसातला एसी, त्यामुळे मी नुसत्या शर्टावर होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापलेली शेतं, त्यांत वालाची हिरवी रांग, कुठे पांढऱ्या कांद्याचे वाफे. आंब्यांना मोहोर आलेला. चोंढीच्या अलीकडे मला लांबवर मफलर दिसला आणि मी वेग कमी केला.

बहात्तर वर्षांच्या माणसाच्या सायकलमागे स्कूटर चालवणं हे काम फार कठीण आहे. पुढे जायचं नाही आणि थांबलं तर कुत्री जमतात. मी झाडामागे थांबायचो, काका पुढे गेले की निघायचो, पुन्हा झाड. वैशालीला मेसेज करायचो.

"चोंढी सोडलं."

"कोणाबरोबर?"

"एकटेच."

"नक्की? नीट बघ."

रक्ताचं नातं लपत नाही.

कार्ले खिंडीच्या अलीकडे दोन गावकऱ्यांनी मला हटकलं. "काय ओ, सकाळपासून त्या म्हाताऱ्याच्या मागं काय लागलाय?" मी म्हटलं, शेजारी आहे. "मग बरोबर जा की. झाडामागं काय उभं ऱ्हाता?"  आयुष्यात पहिल्यांदाच माझा आवाज मलाच पार्सल न मिळालेल्या गिऱ्हाइकासारखा वाटला. त्यांनी स्कूटरच्या नंबराचा फोटो काढून मला सोडलं.

पोयनाडला चहाच्या टपरीवर थांबलो. मी काही बोलायच्या आत टपरीवाल्याने ग्लास पुढे केला.

"मी सांगितला नाही अजून."

"सांगून ठेवलाय. म्हणाले, मागून पांढऱ्या हेल्मेटवाला येईल, स्कूटरवर, चोरासारखा बघत असेल. त्याला द्या. बिनसाखरेचा, त्याला डायबिटीस आहे."

मी चहा घेतला. फार गरम होता आणि मला फार बरं वाटलं, आणि त्याबद्दल स्वतःचा रागही आला. टपरीच्या पलीकडे काका बाकावर बसले होते. सीट मांडीवर.

"काका, तुम्हाला कधी कळलं?"

"तू रजा टाकलीस तेव्हाच. धक्क्यावर तर रांगेत मागे तोंड लपवून उभा होतास." ते उठले. "वैशूने पाठवलान ना?"

"हो."

"मग मागून कशाला, पुढे हो. आणि स्वेटर घाल मेल्या." पिशवीतून त्यांनी स्वेटर काढला आणि माझ्या अंगावर टाकला. तो त्यांच्या मापाचा नव्हता. माझ्या मापाचा होता.

"पण कुठे जातोय आपण?"

"तुका काय करूचा आसा?" काकांनी सीट नळीत घातली, हलवून पाहिली, परत हलवून पाहिली, आणि टांग मारली.

मुक्काम नागोठण्याच्या एका देवळात पडला. पुजारी त्यांच्या ओळखीचा निघाला. दुसऱ्या दिवशी रोह्याच्या रस्त्याला लागलो आणि भिसे खिंडीचा चढ आला. काकांचा गुडघा बोलायला लागला. मी म्हटलं, सायकल इथे कोणाकडे तरी ठेवू, स्कूटरवर बसा. त्यांनी नुसतं पाहिलं. मग खाली उतरून ते सायकल ढकलायला लागले आणि मीही स्कूटर बंद करून त्यांच्या बाजूने ढकलत निघालो. वरून येणारी जीपगाडी थांबली आणि ड्रायव्हरने विचारलं, "दोन्ही पंक्चर?"

पहिल्या वळणापर्यंत आम्ही नुसतं ढकलत होतो. मला धापच इतकी लागली होती. दुसऱ्या वळणावर काका म्हणाले, "ही सायकल माझी नाय."

मी काही विचारलं नाही. तक्रार विभागात एवढं शिकलोय, माणूस बोलायला लागला की गप्प बसावं.

"धर्मा भोईरची. गोदामात आम्ही दोघं चेकर. मी संध्याकाळी दार बंद करायचो, तो सकाळी उघडायचा. कुलूप, कुलपावरून सुतळी, आणि सुतळीला गाठ. प्रत्येक चेकरची गाठ वेगळी, सहीसारखी. किल्ली एक मालकाकडे, एक धर्माकडे. माल जातोय असं मालकाला वाटत होतं बरेच दिवस. कोणीतरी त्याला हवाच होता. एका सकाळी मी बघितलं आणि बोललो, ही गाठ माझी नाय."

ते थांबले. मफलरने तोंड पुसलं.

"मग लिहून दिलं तसं. साक्षीदार म्हणून सही केली. धर्मा एवढंच बोलला, परब, नीट बघ. मी म्हटलं, बघितलं. तो बोलला, परत बघ. मी नाय बघितलं. दुपारी त्याला काढला. तो जो गेला तो सरळ गावाला. सायकल तिथेच भिंतीला. चोर नेईल म्हणून तो सीट काढून माझ्या कपाटात ठेवायचा, ती माझ्याकडे राहिली. सीट नाय म्हणून सायकल कोणी नेली नाय. एवढी वर्षं तिथेच सडत होती."

"आणि गाठ?"

काकांनी उजवा अंगठा माझ्यापुढे धरला. "गोणीचा हूक लागला होता आदल्या दिवशी. पट्टी होती. मी डाव्या हाताने बांधली होती गाठ. डाव्या हाताने उलटी पडते. माझ्या लक्षातच नव्हतं. पंचवीस वर्षं लक्षात नाय आलं. मग ती तांदळाची गोणी."

गॅलरीतली ती सकाळ मला आठवली. मी नऊ वर्षं त्या माणसावर राग धरून होतो, आणि तो त्या सकाळी माझ्याकडे बघतच नव्हता. तो दुसऱ्याच कोणाला तरी बघत होता. मला लाज वाटली.

"लोकांना वाटतं मी लोकांवर संशय घेतो," काका म्हणाले. "लोकांवर नाय रे. मी माझ्या डोळ्यांवर घेतो. म्हणून साक्ष नको, किल्ली नको. दुसऱ्याची वस्तू आहे, ती चोरीला गेली तर मी परत कोणावर तरी बोट दाखवीन. त्यापेक्षा सीट काखेत बरी."

खिंड संपली. उतारावर ते सायकलवर बसले, ब्रेक दाबत, पाय जमिनीला घासत. रोहा मागे पडलं. दुपारी ओढ्यावरच्या एका मोरीपाशी ते उतरले. तिथून आत एक तांबडा रस्ता जात होता आणि कोपऱ्यावर पत्र्याची टपरी होती. काका मोरीच्या कठड्यावर बसले, जसा माणूस आपल्या नेहमीच्या जागेवर बसतो तसे.

"हेच गाव?"

"आत. अर्धा मैल."

"मग चला."

काकांनी सायकल जवळ ओढली. सीट काढायला लागले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"काका, तुम्ही आठ वर्षं इथपर्यंत येऊन परत गेलात?"

"चहा पिऊन," ते म्हणाले.

"एवढं सायकल मारत येऊन?"

"टेम्पोत घालून पाठवता आली असती. पण माणसाची वस्तू चालत्या हालतीत आपण नेऊन द्यायची असते. इथपर्यंत वाटतं, देईन. इथे आलं की वाटतं, त्याने दारातून विचारलं, कोण, तर काय सांगू?" त्यांनी सीट मांडीवर घेतली. "पुढच्या साली वैशू सायकल ठेवायची नाय. आणि गुडघाही नाय. माका म्हायत आसा. यंदा जायलाच हवं. पण पाय उचलत नाय रे संजू."

मला त्यांना हाताला धरून उठवावंसं वाटलं, पण त्या माणसाला हाताला धरण्याची माझी हिंमत नव्हती. मी टपरीवर चहा सांगायला गेलो. टपरीवरची बाई साधारण माझ्याच वयाची. तिने चहा गाळला आणि मोरीकडे बघत विचारलं, "तुम्ही त्यांच्याबरोबरचे का? दर साली एकटेच येतात."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"मी नाय. माझे सासरे ओळखतात. पहिल्या साली मी घरी सांगितलं, एक मुंबईचा म्हातारा येऊन बसतो, सीट मांडीवर घेऊन. सासरे बोलले, सीट? मग उठून इथपर्यंत आले, त्या आंब्याच्या मागनं बघितलं नि परत गेले. बोलले, बसू दे त्याला. यायचं तेव्हा येईल. तेव्हापासून दर साली आंब्यापर्यंत येतात, बघून जातात." तिने ग्लास माझ्या हातात दिले. "यंदा त्यांचे गुडघे गेले. सकाळीच बोलले, तो आला तर त्याला सांग, मला आंब्यापर्यंत येववत नाय. आता त्यालाच यावं लागेल."

मी चहाचे ग्लास तिथेच ठेवले. मोरीपाशी गेलो आणि ती जे बोलली ते शब्दाला शब्द सांगितलं. काकांनी ऐकलं. मग नेहमीचं वाक्य येईल म्हणून मी थांबलो. पण ते म्हणाले नाहीत. सीट नळीत घातली, एकदाच हलवली आणि तांबड्या रस्त्याला लागले.

अंगणात धर्मा भोईर खुर्चीवर बसले होते. उंच, वाळलेले, पायावर चादर. बाजूला मडक्यात वालाच्या शेंगा भरल्या जात होत्या. मडक्याच्या तळाला आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला दाबायचा, मग मडकं उलटं करून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. थंडीतली पोपटी. काका सायकल धरून उभे राहिले. धर्माबाबांनी पहिल्यांदा काकांकडे पाहिलंच नाही. हात पुढे करून त्यांनी घंटी वाजवली. मग वाकून चेन पाहिली.

"चेन बदललीस?"

"दोनदा."

"सीट?"

"तीच."

"माझ्यापेक्षा तुझंच बसून झालं तिच्यावर."

"धर्मा," काका म्हणाले, "गाठ माझीच होती."

"माहीत आहे. तुझा अंगठा मी बघितला होता तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. नीट बघ म्हणालो. परत बघ म्हणालो." धर्माबाबांचा आवाज तेवढ्यापुरता चढला. "पोरींची लग्नं जमवताना लोक विचारायचे, मुंबईची नोकरी का सोडली. काय सांगायचं मी? तू सांग."

 काका उभ्याउभ्या रडायला लागले, हँडल धरून, आवाज न करता. मी ते एकदा बघितलं आणि मग मडक्याकडे बघत राहिलो.

शेवटी धर्माबाबा म्हणाले, "बस आता. सायकल लाव कुडाच्या भिंतीला."

"तुझी तुला द्यायला आलोय."

"मी काय करू? हे गुडघे बघ. पोरगा मोटारसायकलवर फिरतो. तूच ठेव. पण ती माझी आहे, विसरू नको. दर साली आणून दाखवायची. कशी ठेवलीस ते मी बघणार."

काकांनी मान हलवली. जाळ विझल्यावर मडकं उघडलं, वाफ आली, शेंगांचा आणि पाल्याचा वास अंगणभर झाला. धर्माबाबांनी मूठभर शेंगा काकांच्या हातावर ठेवल्या. "बघून खा. एखादी किडकी असते." ज्या माणसाने माझ्या मुलाच्या जन्माचा पेढा हुंगला होता, त्याने शेंग न बघता तोंडात टाकली. मग दुसरी टाकली.

वैशालीचा मेसेज आला होता. "काय झालं? कोण आहे तिथे? बाई आहे का?"

मी लिहिलं, "सायकलचा मालक आहे. सायकल विकता येणार नाही. दर वर्षी दाखवायला आणायचीय. पुढच्या वर्षी मी बरोबर येईन, टेन्शन घेऊ नको."

"नक्की?"

"नक्की. नीट बघितलंय."

परतताना पोयनाडला पुन्हा त्याच टपरीवर थांबलो. काकांनी सायकल भिंतीला टेकवली, दोन चहा सांगितले, एक बिनसाखरेचा, आणि तोंड धुवायला मागच्या नळावर गेले. काखेत काहीच नव्हतं. सीट सायकललाच होती. रस्त्यावर येणंजाणं बरंच होतं. मी ग्लास हातात घेऊन बाकावरून उठलो आणि काका परत येईपर्यंत सायकलजवळ जाऊन उभा राहिलो.